धान्य महिन्याचं, पाणी अर्ध्या दिवसाचं

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं: पुरवठा अडला, दुकानांची फडताळं रिकामी झाली आणि दोन आठवडे घरातल्यावरच भागवायची वेळ आली, तर तुमची कुठे अडचण होईल? पत्रं भरपूर आली. निम्म्यांना वस्तूंची यादी हवी आहे. बाकीच्यांत किडे, पाणी, फ्रीज आणि दोन ठिकाणी चक्क नवरा-बायकोचं भांडण आहे. मी वसतिगृहाच्या खाणावळीची कोठी सांभाळलेली बाई. कोठीत शिकलेलं सगळंच घराला लागू पडत नाही, जे पडतं तेवढंच सांगते.

आमचं चार माणसांचं घर आहे. दोन आठवड्यांचा साठा म्हणजे नेमका किती? यादी द्याल का?

यादी देते, पण आधी हिशेब. संकटात मदत पोचवणाऱ्या संस्था, म्हणजे जागतिक अन्न कार्यक्रम वगैरे, माणशी दिवसाला सरासरी २,१०० किलोकॅलरी धरून शिधा आखतात. १०० ग्रॅम कोरड्या धान्यात साधारण ३५० किलोकॅलरी असतात, डाळी-कडधान्यांत जवळपास तेवढ्याच, साखरेत ४०० आणि तेलात ९००. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ७० ग्रॅम डाळ-कडधान्य, ३० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम साखर धरली की तुम्ही २,००० पर्यंत पोचता. उरलेलं कांदे-बटाटे, दाणे, दूध पावडर भरून काढतात. चौघांचे चौदा दिवस म्हणजे साडेबावीस किलो धान्य, चार किलो डाळी आणि कडधान्यं, पावणेदोन किलो तेल, सव्वा किलोच्या आत साखर. मीठ तीनशे ग्रॅमसुद्धा लागत नाही. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागेल, लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला कमी.

आकडे वाचून बऱ्याच जणांना वाटेल, एवढंच? एवढं तर आमच्याकडे असतंच. असतं, खरंच असतं. म्हणूनच मला यादीचा राग आहे. यादी हातात आली की माणूस धान्याच्या आणखी दोन गोण्या आणतो आणि तयारी झाली म्हणून निवांत बसतो.

वस्तूंचा हिशेब करू नका, दिवसांचा करा. एक कागद घ्या आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती आज नवी न आणता किती दिवस पुरेल तो आकडा लिहा. धान्य ३० दिवस. तेल २०. स्वयंपाकाचं इंधन ९. रक्तदाबाच्या गोळ्या ६. पिण्याचं पाणी अर्धा दिवस. या कागदावरचा सगळ्यात लहान आकडा हीच तुमच्या घराची तयारी. असा कागद असलेलं घर अर्ध्या दिवसाला तयार आहे, तीस दिवसांना नव्हे. त्या घरात येणारी पुढची वस्तू धान्य नसून पाण्याचा कॅन असायला हवी. मग लहान आकडा दुसरीकडे सरकेल, तिथे लक्ष द्या. सगळे आकडे चौदाला टेकले की थांबा; पाण्याचं तेवढं वेगळं आहे, ते पुढच्या उत्तरात.

आणि घरात आज जे शिजतं तेच वाढवा. टंचाईच्या दिवसांत पोरं नवी चव खात नाहीत, मोठी माणसंही खात नाहीत, फक्त तसं बोलत नाहीत.

इमारतीवर मोठी टाकी आहे आणि ती नेहमी भरलेली असते. मग वेगळं पाणी कशासाठी भरायचं?

टाकी पंप चालतो तोवर भरलेली. वीज गेली की पंप थांबतो, आणि पंप थांबल्याचं कळलं की प्रत्येक मजल्यावर बादल्या-पिंपं भरायला लागतात. टाकीचा तळ दिसायला वेळ लागत नाही.

पिण्यासाठी माणशी रोज अडीच ते तीन लिटर लागतं. मदतकार्यासाठी जगभर वापरतात ते 'स्फिअर' निकष अंघोळ-धुणं सगळं धरून माणशी १५ लिटर सांगतात. चौघांचं चौदा दिवसांचं ते झालं ८४० लिटर, म्हणजे ८४० किलो वजन. एवढं घरात ठेवायला मी कुणालाही सांगणार नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी पक्कं साठवा. चौघांना ते ४८ लिटर होतं. त्यापुढे मिळेल ते पाणी पिण्याजोगं करण्याची सोय घरात असू द्या.

कॅन खाद्यपदार्थांसाठीचे, घट्ट झाकणाचे घ्या. रसायनांचे रिकामे ड्रम कितीही धुतले तरी नकोत. दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्याही नकोत, त्यातला स्निग्धांश पूर्ण निघत नाही आणि पाणी नासतं. नळाचं शुद्ध केलेलं पाणी भरा, कॅनवर तारीख लिहा, सहा महिन्यांनी झाडांना घालून नवं भरा. साठवलेल्या पाण्याला शिळी चव येते. या भांड्यातून त्या भांड्यात चार वेळा ओतलं की जाते. आणि कॅन माळ्यावर चढवू नका. पाणी जड असतं, त्याची जागा जमिनीवर.

पाणी शुद्ध करायला उकळण्यासारखा उपाय नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन कमी असेल तर सुगंध न घातलेलं साधं ब्लीच वापरा. क्लोरीनचं प्रमाण ५-६ टक्के असेल तर लिटरला दोन थेंब टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. अर्ध्या तासानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. जुन्या ब्लीचचा जोर ओसरतो, तेव्हा बाटली दरवर्षी बदला. दोन्ही नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत स्वच्छ दिसणारं पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. आभाळ असेल तर दोन दिवस. यातल्या कशानेही पाण्यात मिसळलेली रसायनं जात नाहीत. कारखान्याच्या सांडपाण्याची शंका असलेलं पाणी भांडी घासायलासुद्धा घेऊ नका.

धान्य भरून ठेवलं की दोन महिन्यांत किडे होतात. डबा घट्ट असतो, तरी येतात कुठून?

डब्यात ते तुम्हीच भरता. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. चाळून, निवडून, पाखडूनही ते अंडं निघत नाही. उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात अंड्याचा किडा होऊन बाहेर पडतो, आणि तुम्ही म्हणता डब्यात किडे झाले.

उपाय तीन आहेत, तिन्ही मी वापरलेले. पहिला थंडीचा. फ्रीझर असेल तर धान्य दोन-दोन किलोच्या पिशव्यांत भरून उणे १८ अंशांवर किमान चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. उघडलीत तर हवेतला ओलावा थंड दाण्यांवर बसतो आणि किडे गेले तरी बुरशी येते. पिशवी पूर्ण कोमट झाली की डब्यात ओता.

दुसरा उपाय हवा तोडण्याचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांसाठी, चवळी टिकावी म्हणून, तीन थरांच्या पिशव्या तयार केल्या: आत प्लॅस्टिकच्या दोन, बाहेर विणलेलं पोतं. त्यात औषध नाही, पावडर नाही. आतले किडे श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतात आणि खाणं-वाढणं थांबून मरतात. घरी हेच तत्त्व वापरायचं. डबा गळ्यापर्यंत भरा, वर रिकामी जागा ठेवू नका, झाकण घट्ट बसवा आणि दोन महिने उघडू नका. रोज लागणारं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढा. मोठा डबा रोज उघडणं म्हणजे किड्यांना रोज ताजी हवा देणं.

तिसरा कोरडेपणाचा. बियाणं साठवणाऱ्यांत हॅरिंग्टनचा एक नियम चालतो: दाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. तो उगवणशक्तीसाठी आहे, पण खाण्याचं धान्यही त्याच दिशेने वागतं. ओलावा मोजायला यंत्र लागत नाही. कोरड्या ठणठणीत काचेच्या बरणीत थोडं कोरडं मीठ आणि मूठ-दोन मुठी धान्य घाला, झाकण लावून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, भरू नका, आणखी वाळवा. वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात कधीच घालू नका. रात्री झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत वाया.

डबे भिंतीला टेकवू नका, थेट जमिनीवरही नको. साबण आणि धुण्याची पावडर धान्यापासून दूर, पीठ वास पटकन धरतं. उंदरांसाठी एकच सांगते: पेन्सिल शिरेल तेवढी फट त्यांना पुरते, आणि पातळ प्लॅस्टिक ते कुरतडतात. पत्रा किंवा काच.

मुलगी म्हणते, आपण जास्तीचं आणलं की कुणाला तरी कमी पडतं. साठा करणं हा स्वार्थ नाही का?

कधी आणता त्यावर आहे. फडताळं भरलेली असताना दर खेपेला एक पाकीट जास्त आणलंत तर कुणाचंच काही जात नाही, दुकानदार पुढच्या खेपेला तेवढं जास्त मागवतो. बातमी आल्यावर सगळ्यांनी एकाच संध्याकाळी पाच-पाच पाकिटं उचलली तर मुलीचं म्हणणं शंभर टक्के खरं.

२०२० च्या सुरुवातीचे महिने आठवा. अनेक देशांत दुकानांतून पीठ गायब झालं. गिरण्यांत पीठ होतं! पण मोठ्या गिरण्यांचा बहुतेक माल बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातो, मोठमोठ्या गोण्यांतून किंवा टँकरमधून. घरगुती वापराची लहान पाकिटं भरणारी यंत्रं मोजकीच. ती रात्रंदिवस चालवूनही मागणीला पुरी पडली नाहीत. टंचाई पिठाची नव्हती, पाकिटांची होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एक जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक बंद. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचं सूर्यफूल तेल थांबलं, त्याच वसंतात इंडोनेशियाने जवळपास तीन-साडेतीन आठवडे पाम तेलाची निर्यात रोखली. कारणं वेगवेगळी, पण घरापर्यंत येताना सगळ्यांचा आकार एकच: काही आठवड्यांची पोकळी. ज्या घरात दोन-तीन आठवड्यांचं आहे ते घर त्या दिवसांत रांगेत उभं राहत नाही. त्याच्या वाट्याचं पाकीट ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मिळतं.

सरकारंही हे उघड सांगतात. जर्मनीचं नागरी संरक्षण खातं घराघरांत दहा दिवसांची तजवीज ठेवायला सांगत आलं आहे. स्वीडनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रत्येक घरी पुस्तिका पाठवली. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये निदान ७२ तासांचं म्हटलं. सहा-सहा महिन्यांचं भरणाऱ्यांच्या बाजूने मात्र मी नाही. त्यातलं निम्मं सडतं, आणि मग स्वार्थापेक्षा मूर्खपणा जास्त होतो.

यजमान पंचवीस वर्षं टिकणारे कोरड्या जेवणाचे डबे मागवायचं म्हणताहेत. घरात वाद चालू आहे. तुम्ही सांगा.

यजमानांना विचारा, त्यातला एक डबा आज रात्री जेवायला घेऊ या का. हो म्हणाले तर मागवा.

टिकण्याचा दावा खोटा नसतो. पांढरा तांदूळ कोरडा, थंड आणि प्राणवायू काढून बंद केलेला असेल तर दशकानुदशकं टिकतो. पण त्यासाठी परदेशी डबा लागत नाही, आणि दोन महिन्यांत संपणारा तांदूळ पंचवीस वर्षं टिकवून करायचं काय? हातसडीचा तांदूळ मात्र सहा महिन्यांच्या आत संपवा, त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. कोंड्यासकट दळलेल्या पिठाचंही तेच, म्हणून साठा अख्ख्या गव्हाचा करावा आणि दळायची सोय आधी बघावी. घरच्या साठ्यात सगळ्यात आधी दगा देतं ते तेल. उजेड, उष्णता आणि हवा हे त्याचे शत्रू. एक मोठा डबा घेण्यापेक्षा लहान बंद बाटल्या घ्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. कडधान्यं किडली नाहीत तरी उष्ण-दमट जागेत वर्ष-दोन वर्षांनी इतकी निबर होतात की शिजता शिजत नाहीत आणि इंधन खातात. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला तर थोडी वठणीवर येतात.

नेहमीचे डबाबंद पदार्थ ठेवायला हरकत नाही, पण उघडणी दोन ठेवा. पत्र्याच्या डब्याचं पेटंट लंडनमध्ये १८१० मध्ये निघालं, आणि तो उघडायचं खास हत्यार यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. तोवर लोक छिन्नी-हातोडी घेऊन बसत. फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फवारा उडवणारा डबा चाखून बघायचा नाही, फेकायचा. घरी भाज्या शिजवून बाटल्यांत बंद करण्याचा मोह होतो, तोही टाळा. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना मरत नाहीत, त्यांना दाबाखालची १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. घरी टिकवायचंच तर वाळवा, मिठात किंवा व्हिनेगरसारख्या आंबटात घाला.

एका खोलीत राहतो. जागाही नाही आणि एकदम खरेदी करण्याइतके पैसेही नाहीत.

एकदम काहीच घेऊ नका. आठवड्याच्या खरेदीत एकच वस्तू दुप्पट घ्या: या आठवड्यात डाळ, पुढच्या आठवड्यात मीठ, मग साबण. दोन-तीन महिन्यांत दोन आठवड्यांचा साठा उभा राहतो आणि जाणवतही नाही. कोठीतला सगळ्यात जुना नियम पाळा: नवं मागे, जुनं पुढे. जाड मार्करने पाकिटावर आणल्याचा महिना मोठा लिहा. डोळ्यांना दिसला नाही तर हात नेहमी समोरच्या नव्या पाकिटाकडेच जातो.

जागा पलंगाखाली असते. चौघांच्या चौदा दिवसांचं कोरडं अन्न दोन सपाट पेट्यांत बसतं, तुमच्या एकट्याचं असेल तर एका पेटीच्या कोपऱ्यात. चुलीजवळचं, छपरालगतचं आणि न्हाणीघराला लागून असलेलं फडताळ वापरू नका. तिथे तीस दिवसांत जेवढं खराब होतं तेवढं पलंगाखाली सहा महिन्यांतही होत नाही.

वीज गेली की फ्रीजमधलं किती वेळ चांगलं राहतं? आणि इंधन वाचवायचं कसं?

दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, थंडावाही टिकतो आणि वितळल्यावर प्यायला होतात. शिजलेलं अन्न, दूध, मांस ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर वास घेत बसू नका. जे अन्न आजारी पाडतं त्याला वास असेलच असं नाही. वीज गेली की खाण्याचा क्रम ठरलेला: आधी फ्रीज, मग फ्रीझर, कोरडा साठा शेवटी. लोक उलटं करतात.

इंधनासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जुनी गोधडी. महायुद्धांच्या काळात युरोपात गवताने भरलेल्या पेटीत स्वयंपाक करत. भात किंवा डाळ भरपूर पाण्यात उकळी येऊन दहा-पंधरा मिनिटं शिजू द्या, झाकण घट्ट ठेवून भांडं चहूबाजूंनी जाड पांघरुणात गुंडाळा, खालीही घडी द्या, आणि भाताला तास-दीड तास, डाळीला दोन-तीन तास हात लावू नका. बाकीचं शिजणं आपोआप होतं. मात्र राजम्याला हा मार्ग थेट वापरू नका. तो रात्रभर भिजवा, पाणी बदला आणि आधी अर्धा तास खळखळून उकळा. अर्धवट गरम पाण्यात राहिलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधतो.

खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर लावायचा नाही. दार किलकिलं ठेवलंय, खिडकी उघडी आहे, काही ऐकायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

दोन आठवडे भाजी नाही मिळाली तर?

दोन आठवड्यांनी काही होत नाही. क जीवनसत्त्व पूर्ण तुटल्यावर स्कर्व्ही दिसायला महिना ते तीन महिने लागतात आणि ती टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅमही पुरतं. पण पंधरा दिवस भाजी नसली की तोंडाला चव राहत नाही आणि पोटही बिघडतं, म्हणून कडधान्यांना मोड आणा. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नावापुरतं असतं, मोड येताना ते तयार होतं. पहिल्या महायुद्धात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी सैनिकांच्या स्कर्व्हीवर हाच उपाय तपासून दाखवला. मोड आलेलं फार शिजवू नका, वाफ दिली की पुरे.

घरात पाच महिन्यांचं बाळ आहे आणि सासूबाईंना इन्सुलिन लागतं. आमच्यासाठी वेगळं काय?

तुमच्या कागदावर हे दोन आकडे सगळ्यात वर लिहा.

बाळ अंगावर पीत असेल तर आईला पाणी आणि अन्न आधी, घरातल्या कुणाच्याही आधी. ताणाने दूध आटतं असं सांगणाऱ्या बायकांचं ऐकून पाजणं बंद करू नका, पाजत राहिल्याने दूध येत राहतं. पावडरीचं दूध असेल तर महिनाभराचं ठेवा आणि पुरवण्यासाठी पातळ कधीही करू नका. पाणी उकळा, ७० अंशांच्या खाली यायच्या आत पावडर मिसळा, मग बाळाला सोसेल इतकं निववून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, आणि पावडरीऐवजी गाईचं दूधही नाही.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी. वापरात असलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिन साध्या थंड जागेत सुमारे चार आठवडे चालतात, नेमकं तुमच्या बाटलीसोबतच्या कागदावर बघा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निरुपयोगी. कोरड्या हवेत मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या भांड्यात ठेवलं तर बरंच थंड राहतं. दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा की जास्तीच्या एका महिन्याचं लिहून द्याल का. सुया आणि साखर तपासायच्या पट्ट्या याच हिशेबात धरा, त्याच विसरल्या जातात.

सगळ्यांच घरांसाठी: जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नका.

पाकिटावरची तारीख उलटली की फेकायचं का?

'बेस्ट बिफोर' असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख, उघडून बघा आणि ठरवा. 'यूज बाय' असेल तर ती सुरक्षिततेची, तिथे वाद नाही. बाळाची पावडर तारखेनंतर वापरायची नाही. मीठ आणि साखर खराब होत नाहीत, फक्त मिठातलं आयोडीन दमट हवेत कमी होत जातं.

साठ्याचं सगळं मीच बघते. मी घरी नसले तर बाकीच्यांना काडेपेटीसुद्धा सापडणार नाही.

कपाटाच्या दाराला आतून तो दिवसांचा कागद चिकटवा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कुठे आहे ते लिहा. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना सांगून घराच्या पाण्याचा मुख्य नळ बंद करा, फ्रीज सोडून सगळी वीज बंद करा, आणि सोमवार सकाळपर्यंत दुकानात जायचं नाही. स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायचा. तुम्ही वही घेऊन खुर्चीत बसा आणि कोण काय मागतं तेवढं लिहा, उठू नका. पहिल्या संध्याकाळी कुणी अन्न मागत नाही. टॉर्चचे सेल, कचऱ्याची पिशवी, संडासात ओतायला बादलीभर पाणी, सॅनिटरी पॅड, फोनचा चार्जर, डब्याचं उघडणं, अशीच मागणी येते. यातल्या ज्या वस्तू कागदावर नाहीत त्या सोमवारी कागदावर चढवा, आणि वहीतल्या पहिल्या पाच ओळी मला पाठवा. पुढच्या अंकात त्या घेऊ.